लाकडी घरट्यांची गिऱ्हाइकं

माझं सुतारकामाचं शेड कराडच्या बाहेर, हायवेला लागून आहे. वीस-बावीस वर्षं दारं, खिडक्या, दिवाण, देव्हारे केले. एकाही देव्हाऱ्याचा किस्सा मला सांगता यायचा नाही. माणूस आला, माप दिलं, देव्हारा घेऊन गेला. पण पाच वर्षांपूर्वी पाडलेल्या घरांच्या जुन्या फळ्यांची पक्ष्यांसाठी घरटी केली, शेडच्या दारात टांगली, आणि तेव्हापासून किस्से असे साठत गेले की आता ठेवायला जागा नाही. चहाच्या टपरीवर एक सांगायला घेतला की दुसरा आठवतो, तो संपायच्या आत तिसरा. मित्र म्हणतात, "लय फेकतोस गड्या." मी कशाला फेकू? माणसंच अशी येतात!

घरट्यात तसं विशेष काही नसतं. चार फळ्या, उतरतं छप्पर, चिमणी शिरेल एवढं भोक. चिमणीला ते बघितल्या बघितल्या कळतं. माणसाला मात्र समजावून सांगावं लागतं.

*

पहिलं मोठं गिऱ्हाईक कराडच्याच एका नव्या कॉलनीतले साहेब.

"मला एकदम रस्टिक पाहिजे."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे जुनाट, गावठी. पण स्वच्छ!"

मी जुन्या सागवानी दाराच्या फळीचं एक घरटं दाखवलं. साहेबांनी उलटंसुलटं करून बघितलं. "याला खिळ्यांची भोकं दिसतात." लांबी, म्हणजे पुट्टी, भरून भोकं बुजवली. "ही भेग बरी दिसत नाही." भेग बुजवली. "रंग उडालाय." घासून पॉलिश मारलं. शेवटी ते घरटं नवरीच्या दागिन्यांच्या पेटीसारखं चमकायला लागलं, तेव्हा साहेब खूश. "आता कसं रस्टिक वाटतंय!"

महिन्याभरानं त्यांच्याकडे दाराची बिजागरी बदलायला गेलो. घरटं हॉलमध्ये, टीव्हीच्या वर टांगलेलं. खिडक्या बंद, एसी चालू.

मी म्हटलं, "साहेब, इथं पक्षी कुठनं येणार?"

साहेब दचकलेच. "पक्षी? अहो, घाण करतील ना!"

*

साताऱ्याच्या एक मॅडम. त्यांनी फोटो काढून आधी वास्तूवाल्यांना पाठवला, मग घरटं घेतलं. वास्तूवाल्यांनी सांगितलं होतं, घरट्याचं तोंड पूर्वेलाच पाहिजे. पूर्वेला होती कंपाउंडची भिंत! घरट्याचं भोक आणि भिंत यांच्यात जेमतेम दोन बोटं जागा.

"बाई, चिमणी आत शिरायची कशी?"

"शिरेल हो आडवी होऊन. तुम्ही टांगा."

टांगलं. दोन महिन्यांनी फोन, की अजून कोणी आलं नाही. मी म्हटलं, घरटं नुसतं फिरवा, तोंड अंगणाकडे करा. म्हणाल्या, "विचारून सांगते." दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

"आपली दिशा बरोबरच आहे. ते म्हणाले, त्या पक्ष्यांचेच ग्रह ठीक नसतील."

*

कोरेगाव तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस. कार्यकर्त्यांच्या डोक्यात आलं, यंदा केक न कापता घरटी वाटायची. शंभर घरट्यांची ऑर्डर. वर अट अशी, की प्रत्येक घरट्याच्या पुढच्या फळीवर साहेबांचा हसरा फोटो पाहिजे. फोटो त्यांनीच छापून आणले. मी पहिला चिकटवला, भोक कापलं आणि दाखवायला ठेवलं. भोक बरोब्बर साहेबांच्या तोंडात!

मुख्य कार्यकर्ता लालबुंद झाला. "साहेबांच्या तोंडाला भोक पाडलंस व्हय रं?"

"फोटो वर सरकवतो."

वर सरकवला तर भोक गळ्यात. खाली सरकवला तर कपाळात. बाजूला सरकवला तर एक कान गेला. कार्यकर्त्यानं बराच विचार केला आणि निकाल दिला. "भोकच बुजव."

"आवं, मग चिमणी आत जाणार कुठनं?"

"चिमणीला मत हाय का?"

शंभर बिनभोकाची घरटी मी स्वतः टेम्पोत भरून दिली. कार्यक्रमाला गेलो तर आणखी एक पराक्रम बघायला मिळाला. मैदानाकडेच्या चिंचेवर साळुंक्या राहायच्या. ती चिंच बॅनरच्या आड येत होती म्हणून आदल्या दिवशीच तोडली होती. बॅनरवर लिहिलं होतं, 'पक्षी वाचवा'.

*

पलूसकडच्या एका शेतकऱ्याच्या पोरानं उसाच्या कडेला पर्यटनकेंद्र काढलं. बैलगाडी, हुरडा, झुणका-भाकरी आणि झाडाझाडाला माझी घरटी. पण पक्षी काय आपल्या सोयीनं येत नाहीत. पोरगा हुशार. त्यानं प्रत्येक घरट्यात छोटा स्पीकर बसवला आणि मोबाईलवरून किलबिल सुरू केली. पुण्या-मुंबईचे पाहुणे डोळे मिटून ऐकायचे. "आहाहा! निसर्ग!"

एकदा एक पाहुणे सकाळी सकाळी तणतणत आले. "तुमचा तो पक्षी बंद करा आधी! पाचपासून ओरडतोय. झोपायला आलोय आम्ही इथं."

पोरानं मोबाईल काढून स्पीकर बंद केले. तरी आवाज चालूच. त्यानं मोबाईलच बंद केला. तरी चालूच. मग त्यानं मान वर करून बघितलं आणि हात जोडले.

"सॉरी सर, तो कोकीळ आमचा न्हाई."

*

पुढचा सांगताना मला अजून राग येतो. सांगलीचे एक गृहस्थ गाडी काढून तक्रार घेऊन आले. घरटं डिकीत उताणं पडलेलं.

"तीन महिने झाले, एक पक्षी फिरकला नाही. पीस खराब आहे, बदलून द्या."

मी घरटं उचललं, तर ते जड लागलं. छपराची फळी सरकवून बघितलं. आत गवत, कापूस, सुतळीचे धागे, सगळं नीट गोल रचलेलं. आणि त्यात चार अंडी. दोन फुटलेली, दोन गार.

मी म्हटलं, "यात तर चिमण्यांनी संसार मांडला होता."

"चिमण्या यायच्या हो," गृहस्थ म्हणाले. "दिवसभर यायच्या. पण त्यांना काय पक्षी म्हणायचं? तुमच्या शेडवरच्या बोर्डावर चांगले रंगीत पक्षी दाखवलेत!"

मी त्यांना खुर्ची दिली नाही. पाणीही विचारलं नाही. तेवढ्यात गृहस्थ अंड्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "बदलून देत नसाल, तर निदान एवढा कचरा तरी काढून द्या."

*

साताऱ्याकडे, हायवेपासून आत, दीपकराव म्हणून एका बागायतदारानं उसाच्या रानात बंगला बांधला. अंगण सजवायला माझ्याकडून घरटी घेतली आणि लावायला मलाच बोलावलं. चार आंब्यावर, पाच कुंपणाच्या खांबांवर, एकेक गेटच्या दोन्ही अंगाला. काम झाल्यावर दीपकराव लांब जाऊन उभे राहिले, बघितलं आणि त्यांनी तोंड वाकडं केलं.

अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याची एक खोली होती. तिच्यात त्यांचे वडील राहायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. फौजेतून निवृत्त झालेले, ऐंशीच्या पुढचे. बंगल्यात फरशीवर त्यांचा पाय घसरतो, म्हणून त्यांची सोय तिकडे केली होती, असं दीपकराव म्हणाले.

"मिस्त्री, त्या पत्र्यानं सगळा लुक जातोय बघा. त्याला बाहेरनं तुमच्याच जुन्या फळ्या मारा. वर उतरतं छप्पर करा, पुढनं गोल भोक. मोठं बर्डहाऊस दिसलं पायजे!"

"आणि खिडकी?"

"झाकायची. बर्डहाऊसला कवा खिडकी असती का?"

नाही म्हणायला पाहिजे होतं. नाही म्हटलं नाही. तीन दिवस मी बाहेरून खिळे ठोकत होतो आणि अण्णा आतून खोकत होते. तिसऱ्या दिवशी खिडकीवर फळी धरली, तर गजांतून एक हात बाहेर आला आणि त्यानं फळी अडवली.

"मिस्त्री, भोक जरा मोठं ठेव रं. वारा पायजे मला."

मी कोणाला न विचारता खिडकीच्या समोरच परातीएवढं भोक कापलं. दीपकराव चिडले. मापात बसत नाही म्हणाले. मी हत्यारं पिशवीत भरली आणि म्हटलं, बुजवायचं असेल तर दुसरा सुतार बघा. मग भोक तसंच राहिलं.

रविवारी वास्तुशांत होती. मलाही आमंत्रण होतं. अंगणात मांडव, जेवणाच्या पंगती, आणि जो येईल तो घरट्यांचे फोटो काढतोय. कोपऱ्यातल्या मोठ्या घरट्यापुढे तर रांगच लागली. दीपकराव प्रत्येकाला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होते, "आयडिया माझी, काम यांचं." मी ताटातला लाडू तसाच ठेवला.

शेवटची पंगत उठली. पुण्याच्या एक पाहुण्या मोबाईल घेऊन त्या मोठ्या घरट्यापुढे उभ्या राहिल्या.

"किती गोड दिसतंय! आत काय ठेवलंय हो?"

दीपकराव हसले. "काय न्हाई, स्टोअर रूम हाय. अडगळ भरलीय."

भोकातून परेडवर हाक द्यावी तसा खणखणीत आवाज आला.

"दीपक! तीन वाजलं! अडगळीला जेवाय कवा घालनार हायेस?"