गरम डब्याचं झाकण

जातं ओढता ओढता कान दुसरीकडे ठेवणं सोपं नसतं, सांगते. हात थांबला की घरघर थांबते, आणि घरघर थांबली की सासूबाईंना अंगणातही कळतं.

"जातं काहून थांबलं वं?"

"दाणा अडकला, आत्याबाई."

अडकलेले असायचे माझे कान. भिंतीपलीकडे ओसरीवर माझी नणंद मास्तरांपुढे बसून विज्ञान शिकायची. आमच्या अनसिंग गावात तेव्हा मोठ्या मुली मुलांच्या शाळेत बसत नसत, म्हणून मामंजींनी घरीच मास्तर लावले होते. नणंद माझ्याहून एका वर्षाने धाकटी. मी चौथी झाले आणि बोहल्यावर चढले. ती चौथी झाली आणि शिकतच राहिली.

मास्तर सांगायचे, हवेचे कण सारखे धावतात, भांड्याच्या भिंतींवर आपटतात, तोच हवेचा दाब. तापले की जोरानं धावतात, गार झाले की मंदावतात. इकडे माझं जातंही मंदावायचं. पाण्याच्या कणांना एकमेकांची ओढ असते म्हणून थेंब गोल राहतो, हेही मी पिठाच्या हातांनी ऐकलं. आणि जळत राहिले. तिची पाटी, तिचं पुस्तक, तिची चूक दुरुस्त करणारा माणूस! माझी चूक काढायला घरभर माणसं होती, दुरुस्त करायला कोणी नव्हतं.

मग मामंजी म्हणाले, "मास्तर परवा सगळ्यांसमोर प्रश्न विचारतीन. उत्तरं आली तं अकोल्याले मुलींच्या शाळेत धाडतो. नाही आली तं पोरगं पाहतो."

आदल्या दिवशी ती चुलीपाशी आली. मी चोरून ऐकते, हे तिला ठाऊक होतं.

"वयनी, डब्यात गरम हवा कोंडली अन् मंग डबा गार झाला, तं आतला दाब वाढते का कमी होते? मले समजूनच नाही राह्यलं."

मला समजलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत मी कढईतल्या करंज्या गरम गरम पितळी डब्यात भरून झाकण दाबलं होतं. सकाळी ते कोणाच्या बापाला निघेना. सासूबाईंनी माझ्या माहेरापर्यंत उद्धार केला. शेवटी मीच डबा चुलीशी शेकला, तेव्हा फस्स करून सुटलं. आतली हवा गार होऊन मंदावली होती आणि बाहेरची झाकणावर दाबून बसली होती, हे पुढे जात्यावर कळलं.

मी तव्यावरून नजर न उचलता म्हणाले, "वाढते, बाई."

दुसऱ्या दिवशी मी दाराआड उभी. मास्तरांनी नेमकं तेच विचारलं. मला भीती वाटत होती, तिच्यासाठी की माझ्यासाठी, देव जाणे.

"कमी होते," ती म्हणाली. "आमच्या वयनीच्या डब्याचं झाकण नव्हतं का धरलं? मी तवा तिथंच उभी होती."

मास्तर हसले, मामंजीही हसले. तिनं दाराकडे पाहिलं नाही. माझ्या उत्तराबद्दल कोणाजवळ एक शब्द काढला नाही. ते तर जास्तच लागलं. डबा माझा, बोलणी खाल्ली मी, आणि अकोल्याला चालली ती!

निघायच्या दिवशी सासूबाईंनी फराळ बांधायला सांगितला. मी करंज्या कढईतून काढल्या, तशाच डब्यात भरल्या आणि सगळं बळ लावून झाकण दाबलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. मामंजी वाचता वाचता थांबले. "सूनबाईसाठी लिहिलं हाये. झाकण धरलं होतं म्हणते. चूल नव्हती, माझ्या कंदिलावर शेकून उघडलं."

सगळे हसले, पदराआड मीही हसले. पण ते 'माझ्या कंदिलावर' काही केल्या मनातून जाईना. तिचा कंदील, आणि त्याच्यापाशी वाचत बसलेल्या तिला हाक मारून उठवणारं कोणी नाही.

मी जात्यापाशी गेले. ओसरीवर आता मास्तर येत नव्हते. त्या दिवशी जातं एकदाही थांबलं नाही.