कादंबरीच्या कडेला नीलकंठराव

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या मराठी वाचनालयात एक चाल आहे. कादंबरीतलं पात्र ओळखीतल्या कुणासारखं वाटलं, की कडेला पेन्सिलीनं त्याचं नाव लिहायचं. नियमात हे बसत नाही. पण ग्रंथपाल पद्मिनीताईंना खोडरबर कधी सापडत नाही. सभासद मात्र वाढताहेत.

नीलकंठराव सरकारी नोकरीतले. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि त्यांचा भाव वधारला. अभनपुरापासूनचे नातेवाईक कामाचे कागद काखेत मारून ऐन पोह्यांच्या वेळी उगवू लागले. नीलकंठराव दारातच म्हणत, "काम सांगा. चहा तर झालाच असेल." याला ते स्पष्टवक्तेपणा म्हणत. लोक काय म्हणत, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

या खेपेला त्यांनी आणलेल्या कादंबरीचा नायक पक्का माणूसघाणा. शेजारी बारसं असलं की हा धाडकन खिडकी लावणार! नीलकंठराव वाचत गेले नि तापत गेले. रविवारी पुस्तक परत करताना चारचौघांत त्यावर बोलावं लागे. "याले असा सोलतो, की बस!" त्यांनी ठरवलं.

चाळिसाव्या पानावर नायकानं पाहुण्याला उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं होतं. कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं: 'आपले नीलकंठराव.' त्रेपन्नाव्या पानावर पुन्हा तेच, अक्षर वेगळं. ऐंशीव्यावर तिसऱ्याच कुणाचं.

ते तडक स्वयंपाकघरात गेले. "रमा, हे अक्षर तुझं काय?"

बायको वांगी चिरत होती. कादंबरी तिनं केव्हाच वाचली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "पान कोणतं?"

नीलकंठराव खुर्चीत बसलेच. "म्हणजे तूपण लिहिलं?"

"मी एकाच ठिकाणी लिहिलं. एकशे बारा."

एकशे बाराव्या पानावर नायक गल्लीतला बिघडलेला नळ गुपचूप दुरुस्त करतो, आणि आभार मानायला आलेल्यांवर खेकसतो. कडेला रमाचं बारीक अक्षर: 'हे पण.'

"मी कधी कोणाचा नळ दुरुस्त केला?"

"तेलीबांध्यात राहणाऱ्या भाच्याचा अर्ज साहेबाकडे कोण घेऊन गेलं?"

"तो टेबलावर धूळ खाऊन राहिला होता, म्हणून!"

"हव," रमा म्हणाली, आणि पुढचं वांगं घेतलं.

रविवारी ते बोलायला उभे राहिले. समोर सगळ्यांच्या माना खाली. यातल्या तिघांनी लिहिलं होतं. पण कोणत्या तिघांनी?

"माणूस वाईट आहे," त्यांनी सुरुवात केली. "म्हणजे... आहेच. पण मले समजून नाही राहिलं. आठ दिवस अजून ठेवतो." आणि बसले.

"ठेवा की," पद्मिनीताई म्हणाल्या. "पेन्सिल देऊ?"

घरी आले, तर दारात अभनपूरचा चुलतभाऊ भार्गव, काखेत कागद.

"काम सांग," नीलकंठराव सवयीनं म्हणाले आणि अडखळले. चाळिसावं पान की एकशे बारावं?

पुढचं वाक्य भार्गवच घाईघाईनं म्हणाला, "चहा झाला, दादा! घरूनच पिऊन आलो!"