मामी आणि दीडची सीरियल

मामीनं टीव्हीतल्या माणसाचं सुतक धरलं, त्या दिवशी मी उपाशी राहिलो. दुपारी दुकानातनं जेवायला आलो तर गॅस बंद, भांडी पालथी, आणि मामी ओले केस सोडून झोपाळ्यावर बसलेली. मला वाटलं तंजावरकडचं कोणी गेलं. मी पण तोंड पाडून खाली बसलो, दोन वेळा डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "वय काय होतं?"

"सत्तर असेल," मामी म्हणाली. "मरगदमचा सासरा रे. काल गेला. पावम, बिचारा."

मरगदम म्हणजे दीडच्या सीरियलमधली आई. तिचा सासरा टीव्हीत मेला म्हणून मी इथं डोळे पुसत बसलेलो. आणि माझ्या स्वतःच्या चुलत्याच्या वेळी मला रडू आलं नव्हतं.

मी मूळचा सांगलीकडचा. चौथीत दोनदा बसलो, तिसऱ्यांदा मास्तरच म्हणाले, आता तू बस, आम्ही जातो. मग चुलत्यानं मद्रासला गलाईच्या दुकानात आणून टाकलं. सोनारांचं सोनं वितळवून शुद्ध करायचं आमचं काम. सोनं शुद्ध झालं, मी जसा आलो तसाच राहिलो. तिरुवल्लिक्केणी भागात मामीच्या, म्हणजे सगळी गल्लीच जिला मामी म्हणायची त्या बाईच्या, गच्चीवरची खोली भाड्यानं मिळाली, ती मी मराठी बोलतो म्हणून. मामीचे पूर्वज तंजावरला राजांच्या काळी आलेले, त्यामुळं तिची मराठी तीनशे वर्षं डब्यात घालून ठेवल्यासारखी. 'आहे'ला अहे म्हणायची, 'सगळं'ला अस्कं. मला हसू यायचं. तिला माझ्या बोलण्याचं हसू यायचं. म्हणायची, "बापू, तुझी मराठी फार पातळ. पातळ रसम असावं."

दुपारचं जेवण मामीकडे ठरलेलं, आणि दीडची सीरियल त्या जेवणातच धरलेली. सीरियल चालू असताना बोलायचं नाही. ताक मागायचं तरी जाहिरात लागेपर्यंत थांबायचं. मला तेव्हा तमिळ धड येत नव्हतं, त्यामुळं पहिलं वर्षभर मी भुवई उडवणाऱ्या माणसाला चांगला समजत होतो. तो दिसला की मी हसायचो. एकदा मामीनं जाहिरातीत तोंड उघडलं, "ह्यानं त्या पोरीचं घर मोडलं, तू हसतोस? तू कसला माणूस अहेस?" त्या दिवशी मला ताक मिळालं नाही.

गोष्ट तशी एका ओळीची होती. मरगदमची पोरगी वेणी आईला न विचारता लग्न करून गेली. आईनं दार लावलं. आता दोघींना एकमेकींची आठवण येते आणि भेट होत नाही. बास. एवढ्यावर अकरा वर्षं काढली त्या लोकांनी. वेणी देवळात आली की मरगदम मागच्या दारानं बाहेर. मरगदमनं फोन उचलला की भुवईवाला वायर कापणार. वेणीनं एक पत्र टाकलं, ते पोस्टमनच्या पिशवीत आठ महिने होतं. अरे, सांगलीहून मद्रासला बैलगाडीनं आलं असतं तरी पोचलं असतं. मी वैतागायचो, ताट सरकवायचो, म्हणायचो, "मामी, उद्यापासून मी बघणार नाही." मामी म्हणायची, "सेरी." म्हणजे बरं. आणि दुसऱ्या दिवशी सव्वाला मी हजर.

तो सासरा तीन महिन्यांनी परत आला. मेलाच नव्हता, नदीत वाहून गेलेला. सगळ्यांनी त्याला ओवाळलं. मामी मात्र दोन दिवस फुगून बसली. "मी थंड पाण्यानं डोक्यावरून स्नान केलं रे बापू. ते स्नान कोण परत देईल?" आणि माझं जेवण? ते मी विचारलं नाही.

मामी एवढी त्या वेणीत अडकलेली का, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. मामीला एक मुलगी होती, सुमती. मद्रासच्या बाहेर आवडी गावाला राहायची, तिचा नवरा तिथल्या कारखान्याच्या ऑफिसात. तिनं ऑफिसातल्या मुलाशी लग्न केलं, आणि सह्या झाल्यावर फोन करून सांगितलं. मामीला जावयाचं काही वाटलं नव्हतं. "चांगला मुलगा अहे म्हणून मलाही माहीत होतं," म्हणायची. "पण येऊन विचारायचं होतं. मी हो म्हटलं असतं. हो म्हणायला तरी मला ठेवायचं होतं." तेव्हापासून बोलणं बंद.

"मग जा की एकदा मामी. तासाभराचा रस्ता."

"जाते. वेणी मरगदमच्या दारात येऊ दे, मग मी पण आवडीला जाते."

म्हणजे बघा. एका घराचं सगळं भांडण त्या सीरियल लिहिणाऱ्याच्या हातात. त्याला काय, त्याला साबणाच्या जाहिराती मिळत होत्या.

मधेच एक दिवस वेणीच बदलली. पडद्यावर पाटी आली, मामीनं वाचून दाखवली, आजपासून हिच्याऐवजी ही. नवी नटी उंच, गोरी, आवाज वेगळा. मी म्हटलं आता मामी टीव्ही फोडणार. खरंच तीन महिने ती नवीकडं बघायची नाही, वेणी आली की शेंगा सोलत बसायची. मग एकदा जाहिरातीत म्हणाली, "नऊ वर्षं झाली रे. तोंड बदलतंच मुलींचं." मी त्यावर त्या नटीच्या नाकावर एक विनोद केला. मामी हसली नाही. मला वाटलं विनोद जमला नाही, म्हणून मी तोच परत केला.

सीरियलचं अकरावं वर्ष चालू होतं तेव्हा मामी न्हाणीत पडली. मांडीचं हाड मोडलं. हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डात ठेवली, तिथं टीव्ही नाही. मी म्हटलं सुमतीला कळवतो. "नाही," मामी म्हणाली. "पडले म्हणून आली तर ती दया झाली. तू फक्त दीडची बघ आणि संध्याकाळी येऊन सांग." मी सांगायचो, नुसतं नाही, करून दाखवायचो. भुवई उडवायचो, मरगदमसारखा खांबाला डोकं टेकून रडायचो. आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका वाट बघायला लागल्या. नर्स रागवायची आणि दाराशी उभी राहून बघायची. आयुष्यात मला तेवढंच कौतुक मिळालं, आणि तिथंच माझा घात झाला.

कारण त्याच आठवड्यात त्यांनी सीरियल संपवली. अकरा वर्षं रडतखडत आणलेली, चार दिवसांत गुंडाळली. शेवटच्या दिवशी मरगदम हॉस्पिटलात, डोळे दाराकडे. वेणी धावत निघते, रिक्षा बंद पडते, चप्पल तुटते, अनवाणी पोचते, आणि आईनं डोळे मिटलेले असतात. संपलं. मग सगळे नट ओळीत उभे राहून नमस्कार करतात. मेलेली मरगदम पण.

मी संध्याकाळी गेलो आणि सगळं करून दाखवलं. चादरीचा पदर घेतला, दोन खाटांच्या मधनं लंगडत धावलो. बायका पोट धरून हसल्या. मामीसुद्धा हसली, खोकला येईपर्यंत. मग म्हणाली, "म्हणजे शेवटी दोघी बोलल्याच नाहीत?"

"नाही ना मामी."

"अस्कं नीट पाह्यलंस? आधी डोळे उघडले असतील."

"नाही हो."

"दारात तरी दिसली असेल तिला. जरा आठव बापू."

"मामी, आईशपथ, मी एक मिनिट उठलो नाही."

जन्मभर मी खोटं बोलत आलो. बसमधे तिकीट काढलं म्हणून, दुकानात ताप आला म्हणून, गावाकडच्या बायकोला सिगारेट सोडली म्हणून. कुणी विचारलं नाही तरी बोललोय. आणि त्या म्हातारीनं तीनदा विचारलं, जवळजवळ हातात दिलं, आणि मी गाढव शपथ घेऊन खरं बोललो. मामी म्हणाली, "सेरी." भिंतीकडं तोंड केलं. नंतर तिनं कसलंच काही विचारलं नाही. नवव्या दिवशी गेली.

पंचांगाच्या मागच्या पानावर सुमतीचा नंबर होता. मी फोन केला. ती आली, तेराव्यापर्यंत राहिली. चाळिशीची बाई, मामीसारखंच बोलणारी, जेवताना मला ताक वाढणारी. एका दुपारी घड्याळाकडं बघून म्हणाली, "आई दीडची पाहायची का हो?"

"रोज."

"मी पण," ती म्हणाली. "रोज वाटायचं, आज मरगदम वेणीला फोन करेल. मग माझी आई पण करेल." ताकाचं भांडं खाली ठेवत म्हणाली, "शेवट तिनं पाह्यला?"

"नाही. मी सांगितला."

"जसा होता तसा?"

"जसा होता तसा," मी म्हटलं.

ती उठली. माझं ताट उचलून आत गेली.

आता लोक मला म्हणतात, बापू, तू त्या सीरियलवाल्याला एवढ्या शिव्या का घालतोस. घालतो. दुसऱ्या कुणाला घालू? अकरा वर्षं आवडीला जाणारी गाडी दर थोड्या वेळानं सुटत होती. तिसऱ्या वर्षापासून मला पत्ता माहीत होता. जाऊन सुमतीला म्हणायचं होतं, चल बाई, आई वाट बघतेय. माझ्या मनात आलं नव्हतं असं नाही, बऱ्याचदा आलं. पण मला सुट्टी फक्त दुपारची, आणि दुपारी दीडला सीरियल असायची.