‘रोवणी’ या अल्बमबद्दल माझं मत

मी बोलायला लागलो की भंडाऱ्याच्या स्टँडवरची तुमसर गाडी दहा मिनिटं उशिरा सुटते, कारण कंडक्टर शिटी तोंडात धरून ऐकत उभा राहतो — असं मीच लोकांना सांगतो. वैनगंगेच्या पुलावरून उडी मारून मगरीच्या पाठीवर बसून आलो, हेही सांगतो. वैनगंगेत मगर आहे की नाही, मला माहीत नाही. पण एक गोष्ट मात्र — कंडक्टरला नाही, मायला नाही, बायकोला नाही, आरशातल्या तोंडालासुद्धा मी सांगितलेली नाही. आज तुमच्यासमोर काढतोय. तुमच्याचसमोर का? तुम्ही मध्येच ‘हाव ना बापा’ म्हणून हसणार नाही, म्हणून असेल.

अल्बमपासून सुरू करतो. अल्बमबद्दल बोलणं सोपं आहे.

नागपूरचा एक बँड आहे, ‘मसनवटा’. मेटल वाजवतात. म्हणजे गिटार अशी की दुकानातली पितळी भांडी फळीवरून चालत दारापर्यंत यावीत, आणि गाणारा असा की त्याच्या घशात कोणीतरी ट्रॅक्टर सुरू ठेवून गेलंय. पहिले दोन अल्बम सगळे कवट्या, चिता आणि राख. माय विचारायची, “रोज मसनवट्यात काय करतं रे? नाव तरी नीट ठेवाचं होतं त्यायनं.” आमचं पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, मी गल्ल्यावर बसतो, आणि भंडारा जिल्ह्यात मेटल ऐकणारी माणसं त्या वेळी साडेचार होती. अर्धा म्हणजे मोहाडीचा पंक्या, तो फक्त टी-शर्ट घालायचा.

आमचं देऊळ होतं करडी गावातली राईस मिल. देवाच्या मामाची. देवा म्हणजे देवानंद, माझा शाळेपासूनचा दोस्त, मिल तोच चालवतो. रविवारी मिल बंद. गोदामात छतापर्यंत धानाची पोती — अशा खोलीत आवाज घुमत नाही, पोती सगळं पिऊन घेतात, आणि ढोलाचा ठोका थेट छातीत बसतो. नवा अल्बम आला की कोणी आधी ऐकायचा नाही. रविवारी जमायचं, मोबाईल लाकडी पायलीत टाकायचे — धान मोजायची पायली — आणि शेवटचं गाणं संपेपर्यंत एक शब्द नाही. मग पायलीतून जो आधी मोबाईल काढेल, तो आधी मत देईल. नियम एकच, देवानं केलेला: पूर्ण ऐकल्याशिवाय मत द्यायचं नाही. पंक्यानं एकदा अर्ध्यात ‘बेकार’ म्हटलं, तर देवानं त्याला तीन रविवार मिलच्या बाहेर बसवलं होतं.

पायलीत पहिला हात नेहमी माझा. का? कारण ‘मसनवटा’ माझ्या ओळखीचा होता.

ओळख कसली — नागपुरात त्यांच्या कार्यक्रमाच्या मागच्या दारात मी चुकून उभा होतो. ढोलकऱ्यानं एक पेटी माझ्या हातात दिली, म्हणाला, “भाऊ, जरा धर.” मी धरली. त्यानं परत घेतली. संपलं. भंडाऱ्याला पोहोचेपर्यंत त्या पेटीचं अख्खं बिऱ्हाड झालं होतं. मी त्यांच्यासोबत सावजी जेवलो, ढोलकऱ्याला तिखटानं रडताना पाहिलं, त्यानं माझा नंबर घेतला, महिन्यातून दोनदा फोन येतो. पंक्याला हे सगळं विनोद वाटायचं. देवाला खरं वाटायचं. देवाला माझं सगळंच खरं वाटायचं, मगरसुद्धा.

आता इथं मी जरा थांबतो. पाणी पिऊन येतो म्हटलं तरी चालेल, कारण पुढचं लिहायला हात जड होतोय.

देवा गिटार वाजवायचा. मिलमधल्या वायरमनकडून शिकलेला, कानानं. तीन वर्षांपूर्वी रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत तो शेताच्या धुऱ्यावर उभा राहिला आणि खालच्या बांधीत, चिखलात वाकून धान लावणाऱ्या बायकांचं गाणं त्यानं मोबाईलवर घेतलं. त्याची माय त्यात पुढं गाणारी. मग घरी बसून त्या गाण्याखाली त्यानं आपली जड गिटार घातली. चार मिनिटांचं काहीतरी केलं आणि मला पाठवलं. मिलच्या दारात माझ्यासमोर उभा राहिला, हाताला कोंडा, पापण्यांवर कोंडा.

“तुही वळख हाये ना, गजू. एकदा आयकून पाहा म्हनजो त्यायले. बस, तेवढंच.”

काय म्हणायचं होतं मी? ‘मी फक्त पेटी धरली होती’ — एवढे पाच शब्द. मगरीवर बसणाऱ्या माणसाला पाच शब्द काय जड? मी म्हटलं, आजच पाठवतो.

पाठवलं नाही. बँडचा पत्ता त्यांच्या पानावर उघडा पडला होता, कोणीही पाठवू शकलं असतं. पण तिकडून ‘आपण कोण’ असं आलं असतं तर? देवा दर रविवारी काही विचारायचा नाही, नुसता माझ्याकडे बघायचा. मला त्या बघण्याचा वैताग यायला लागला. माझीच थाप, आणि वैताग त्याचा. शेवटी एका दुपारी दुकानात बसून मी स्वतःच उत्तर टाईप केलं आणि ढोलकऱ्याकडून आलंय म्हणून देवाला धाडलं: ‘बायकांची गाणी लग्नात वाजवा, मेटलमध्ये आणू नका.’

हे वाक्य मी मिनिटभरात लिहिलं. एवढं जमून आलेलं वाक्य मी आयुष्यात दुसरं लिहिलेलं नाही.

आणि ज्याबद्दल ते लिहिलं, ते गाणं मी ऐकलंच नव्हतं. एक सेकंदही नाही. ऐकलं असतं तर कदाचित जळलो असतो, आणि जळून लिहिलं असं तरी सांगता आलं असतं. तेवढीही मेहनत घेतली नाही.

देवानं वाचलं. “बराबर हाये त्यायचं,” म्हणाला, आणि मिलचा पट्टा चढवायला गेला. त्यानंतर त्याची गिटार गोदामात खिळ्याला टांगली गेली. उंदरांनी तिच्या पिशवीत घर केलं, तेव्हाही त्यानं काढली नाही.

मग मागच्या वर्षी ‘मसनवटा’चा तिसरा अल्बम आला. नाव — ‘रोवणी’.

मोबाईल पायलीत पडले. पहिलं गाणं सुरू झालं आणि चिखलात पाय रुतल्याचा आवाज, मग बायका. रोवणीचं गाणं. खालून गिटार. पोत्याला टेकलेला मी सरळ बसलो. कवट्या नाहीत, चिता नाहीत, पाऊण तास नुसती बांधी, चिखल, कंबर आणि बायकांचा आवाज. देवा माझ्याकडे बघत नव्हता. समोर टांगलेल्या गिटारीकडेही नाही. जमिनीकडे.

अल्बम संपला आणि मी पायलीत असा हात घातला की सगळे मोबाईल बाहेर उडाले. मेला बँड, म्हटलं. भजनी मंडळ झालं. यापेक्षा आपल्या मिलचा पट्टा बरा वाजतो. पंक्या दचकून म्हणाला, मले त आवडला. मी त्याच्यावर असा तुटून पडलो की बिचाऱ्यानं टी-शर्टसुद्धा घरी जाऊन काढला असेल. खरं सांगू? तोवर अल्बम कसा आहे हे मला माहीतच नव्हतं. पाऊण तास मी फक्त माझी भीती ऐकली होती.

मग देवा बोलला.

“तू धाडलं होतं ना बे, माहं गानं?”

मी हो म्हटलं.

“म्हनजे त्यायनं आयकलं. मले नाई म्हटलं, आन् सोतः ठेवून घेतलं.”

बघा, दार उघडं होतं. कोणी ढकलत नव्हतं, कोणी अडवत नव्हतं. ज्या माणसांनी देवाचं गाणं कधी पाहिलंही नाही, त्यांच्यावर चोरीचा आळ येत होता, आणि तो पुसणारा अख्ख्या जगात एकटा मी होतो. मी मान हलवली. “तसंच दिसते बापा,” म्हटलं.

तिथंही थांबलो नाही. या अल्बमवरून चाहत्यांत आधीच दोन तट पडले होते — अर्धे म्हणत बँडनं लाज काढली, अर्धे म्हणत असं आजवर कोणी केलंच नाही. मी पहिल्या तटाचा सेनापती झालो. दुकानात बसून गिऱ्हाईक ताटकळत ठेवून बँडच्या पानावर लिहायचो: हे करडीच्या एका पोराचं आहे, विचारा त्यांना. एके दिवशी त्याखाली खुद्द गाणाऱ्याचं उत्तर आलं. भांडण नाही, काही नाही. त्यानं लिहिलं होतं — हे आम्ही माझ्या मावशीच्या बांधीत रेकॉर्ड केलं. पण करडीत कोणी असं काम केलं असेल तर त्यांचं गाणं पाठवा, आम्हाला ऐकायचंय.

आम्हाला ऐकायचंय! ज्या एका ओळीसाठी देवा दर रविवारी माझ्या तोंडाकडे बघत होता, ती ओळ आली होती. गाणं माझ्याच मोबाईलमध्ये होतं. बोट हलवायचा उशीर. मी बोट हलवलं — माझं लिहिलेलं सगळं पुसलं, त्याच्यासोबत त्याचं उत्तरही गेलं. देवाला काही सांगितलं नाही.

आणि मग, या सगळ्यावर कडी म्हणजे — अल्बम आवडायला लागला.

दुकानात एक पितळी गुंड, पाण्याचा मोठा हंडा, पुसत होतो, कानात दुसरंच काहीतरी होतं, ते संपून आपोआप ‘रोवणी’चं चौथं गाणं लागलं. हात ओले होते, बंद करता आलं नाही. मधे एका जागी बायका श्वास घ्यायला थांबतात, आणि एवढी मोठी दांडगी गिटार, तीही थांबते. त्यांची वाट बघते. नुसता चिखलाचा आवाज. मग पुढची ओळ. माझ्या हातातून गुंड सुटून थेट बाबांच्या पायावर पडला. हे खरं आहे, बाबा अजून लंगडतात — नाही, लंगडत नाहीत, दोन दिवस लंगडले.

त्या दिवसापासून सोमवार ते शनिवार मी तो अल्बम ऐकतो आणि रविवारी करडीला जाऊन त्याच्यावर थुंकतो. कळतंय का तुम्हाला, किती वैताग आहे हा? ज्या गाण्यानं अंगावर काटा येतो त्याला चारचौघांत भिकार म्हणायचं, आणि पंक्यासारख्याचं खरं असताना त्याला गप्प बसवायचं. तेही जिंकायचं. दर वेळी जिंकायचं! मी चांगला बोलतो ना.

मागच्या रविवारी देवानं जेवायला बसवलं. भात आणि वाळल्या झिंग्यांची भाजी, त्याच्या मायनं केलेली. माय वाढत होती, आणि देवा सहज म्हणाला, “तुही चूक नाई गा त्यात. तू त भल्यासाठीच धाडलं होतं. तू नसता त कोनी आयकलं बी नसतं माहं.”

मायनं माझ्या ताटात आणखी भाजी घातली. मी खाल्ली. चांगली झाली म्हटलं.

काल दुपारी शटर अर्धं ओढलं, मोबाईल गल्ल्यावर ठेवला आणि देवाचं गाणं लावलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. चार मिनिटं अकरा सेकंद. मधे बोललो नाही. पुन्हा लावलं, पुन्हा बोललो नाही.

नावं बदललेली नाहीत. करडीत हे वाचलं जाईल, मिलमध्येही.

पूर्ण ऐकलंय, म्हणून आता मत देतो. ‘रोवणी’ चांगला अल्बम आहे. तो कुणाचा चोरलेला नाही. देवाचं गाणं मी कुणालाही पाठवलं नव्हतं, नकार मी लिहिला होता. त्या गाण्यात दीड मिनिटाला त्याची माय श्वास घ्यायला थांबते, आणि देवाची गिटार तिथं थांबते.