चहापर्यंतची सकाळ

आमची पोस्ट उत्तरेला, नियंत्रण रेषेजवळ होती. मी हवालदार, रेडिओ ऑपरेटर, गाव वडूज. माझा जोडीदार नाईक बिरू, वडूजसारख्याच दुष्काळी कवठे महांकाळच्या मेंढपाळ घरातला. पहाटे स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यारं घेऊन मोर्चावर सज्ज राहणं, मग रेडिओ सेट चेक, मग चहा, असा रोजचा क्रम होता.

त्या दिवसातलं मला चहापर्यंतचं आठवतं. पुढचं इतरांनी सांगितलेलं आहे. मॉर्टरचा गोळा बंकरवर पडला. छताची लाकडी बल्ली माझ्या हेल्मेटवर आली. बिरू दाराशी होता. तो जागीच गेला. मी शुद्धीवर होतो, चालत होतो, सेटवर मुख्यालयाशी बोलतही होतो.

"बिरू कुठे आहे? ओव्हर."

"बिरू शहीद झाला. तू बसून राहा. ओव्हर."

थोड्या वेळाने मी पुन्हा तेच विचारलं. मग पुन्हा. त्या दिवशी त्याच्या मृत्यूची बातमी मला अनेकदा देण्यात आली. त्यातली एकही वेळ मला आठवत नाही.

सीटी स्कॅन नॉर्मल आला. 'माइल्ड हेड इंज्युरी' असं निदान झालं.

आमच्या पलटणीत रीत आहे. जवान गेला की शेजारी असलेला सोबती त्याच्या घरी जातो आणि शेवटचा दिवस सांगतो. सुट्टी मिळताच मी गेलो. अंगणात भावकी बसली होती. बिरूच्या वडिलांना, अण्णांना, एकच हवं होतं: पोरगा शेवटी काय बोलला.

"सकाळच्या चहापुढचं मला आठवत नाही," मी म्हणालो.

बिरूचा चुलता उसळला. "शेजारचा मानूस पडला आन् ह्येला ठावं न्हाई! कसला फौजी रं ह्यो?"

कुणीतरी कानाशी आलं. "आवं, सांगा की कायतरी. म्हाताऱ्याला तेवडंच बरं वाटंल."

रचून सांगणं सोपं होतं. मी रचलं नाही.

"गप बसा रं," अण्णा म्हणाले. "टकरीत मार खाल्लेला एडका बगितलाय न्हवं? वरनं धड दिसतो, चरतो बी. पर आपला कळप वळखत न्हाई. ह्येचं तसं हाय." मग माझ्याकडे वळले. "जेवडं हाय तेवडं सांग."

मी सांगितलं. त्या सकाळी मी अर्धाच मग चहा मागितला. बिरू केटली धरून म्हणाला, "वडूजात पानी न्हाई म्हनून चा बी जपून पिता व्हय, हवालदारसाहेब?"

"तुझ्या गावात काय धबधबा हाय रं?"

तो हसला. माझ्याकडचं तिथे संपतं.

"त्येचंच बोलनं," अण्णा म्हणाले आणि पटक्याचं टोक डोळ्यांना लावलं.

पुढे मी कॉल-साइन, म्हणजे सेटवरची सांकेतिक नावं, विसरू लागलो. वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागे. काही वर्षांनी एमआरआयमध्ये मेंदूत बारीक बदल दिसले. पेन्शनवर घरी आलो.

दरवर्षी त्या दिवशी मी कवठे महांकाळला जातो आणि तेवढी सकाळ सांगतो. मागच्या खेपेला केटलीपाशी येऊन थांबलो. बिरू काय म्हणाला ते आठवेना. अण्णांनी थोडी वाट पाहिली. मग स्वतःच सांगितलं, थेट त्याच्या सुरात. ती पोस्ट त्यांनी कधी पाहिलेली नाही.

वर बिरूचं म्हणून जे वाक्य लिहिलं, ते त्यांच्याकडून घेतलं आहे.