लेकीची पहिली संकष्टी

"मी पण संकष्टी धरणार," असं लेक सकाळी म्हणाली आणि मी तिला वरपासून खालपर्यंत निरखून पाहिलं. सातवीतली पोर! सासूबाई मात्र खूश. "किती गुणाची गं बाई!" म्हणून तिच्या गालांवरून हात फिरवून मोकळ्या झाल्या. आपल्याकडे पोरगी जेवली नाही तर डॉक्टर, आणि उपास म्हणून जेवली नाही तर कौतुक. माझंही असंच झालं होतं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी. सगळे देव माझ्या मदतीला धावले आणि अंगावर हाडं तेवढी उरली.

दिवसभर मी तिच्यावर डोळा ठेवून होते. साबुदाण्याची खिचडी तिनं नुसती चिवडली. केळं तसंच. पुण्याजवळ मांजरीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवरून चंद्र दिसला, नैवेद्य झाला, पानं वाढली. आणि ती म्हणाली, "मला भूक नाहीये." अगदी माझ्याच आवाजात.

लॉकडाऊनमध्ये माझं दुखणं उलटलं, तेव्हा मी मोबाइलवर एक उपचाराचा कार्यक्रम घेतला होता, खाण्याच्या आजारातून उठायची उमेद वाढवणारा. त्यातली समुपदेशक बाई दर वेळी विचारायची, "आज जेवायची तयारी शून्य ते दहात किती? आणि शून्य का नाही?" खरी मेख दुसऱ्या प्रश्नात होती. उत्तर शोधताना जगायचं एखादं कारण हाती लागायचंच. खोटं कशाला बोलू, त्या प्रश्नानं मला ताटावर आणून बसवलं. अजूनही पहिल्या घासाआधी तो मनात येतोच.

तोच मी हळूच लेकीला विचारला.

"हा त्या मोबाइलमधल्या बाईचा प्रश्न आहे," ती म्हणाली. "तू सात म्हणायचीस. आणि मग पोळी कबुतरांना घालायचीस. मी बघितलंय."

अगं बाई! तेव्हा ती पहिलीत होती, माझ्या शेजारी चित्रं रंगवत बसायची. पुढे मी खरं बोलू लागले, जेवू लागले. ते काही तिच्या लक्षात राहिलं नाही.

"आज तुझे किती?" तिनं विचारलं. "खरं सांग हं."

"तीन," मी म्हणाले.

"माझे पण."

सासूबाईंनी दोघींच्या पानात मोदक वाढले. "काय गं तुमची खुसुरफुसुर? जेवा आता." लेक माझ्याकडे बघत होती, मोदकाकडे नाही. मी मोदक फोडला, वर तूप घातलं आणि घास तोंडात टाकला. मी तो गिळते की नाही, ते ती बघत राहिली.