भागरथाबाईंचे जुने तांदूळ

भागरथाबाई नवे तांदूळ देऊन जुने नेत. आमच्या मूल गावाकडे नव्या पिकाचा पहिला भात सगळ्या घरानं एका पंगतीत खायचा असतो. लेक बाहेर असला तर आई थांबते. बाईंचा धाकटा शिवराम फौजेच्या दवाखान्यात कामाला होता, कोरियाच्या लढाईवर. त्या थांबल्या होत्या. घरचे जुने संपल्यावर पदराखाली नवे घेऊन माझ्या दारी येत. बाया म्हणत, "बुढीले जुन्याचीच चटक." बाई म्हणत, "हसा. पोरगा आला का तुमालेच वाढाले लावीन."

मी चौथी शिकलेली, म्हणून त्याची पत्रं मी वाचायची. मधेच तुला भात मिळतो का, असं त्या कागदालाच विचारत.

एका पावसाळ्यात शिवराम तिकडेच तापानं गेला. तार मोठ्या मुलाच्या, दादाजीभाऊंच्या हाती पडली. लढाई आटोपेपर्यंत आईला कळू नये म्हणून त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. मग शिवरामच्या नावानं पत्र मीच लिहायची, दादाजीभाऊ ते पोस्टातून आणल्यासारखं आणायचे, आणि मीच वाचायची. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. त्या पत्रांत मात्र निघायचा. ती लढाई लांबावी असं मला वाटू लागलं होतं. याची लाज अजून जात नाही.

पुढच्या वर्षी लढाई थांबल्याचं कळलं. तरी दादाजीभाऊंना सांगवेना. माघात बाजारातून बातमी आली की आपली उरलेली सगळी माणसं आगबोटीनं परत निघाली. बाईंनी अंगण सारवलं, नवे तांदूळ निवडून ठेवले आणि शेवटचं पत्र घेऊन आल्या. तो कोणत्या दिवशी येतो ते यात असेल, पुन्हा वाच म्हणाल्या. मी कागद धरला. मला वाचता येईना.

बाईंनी माझ्या हातातून कागद काढून घेतला.

"कवा गेला?"

"गेल्या नाही, त्याच्या आदल्या पोळ्याच्या आधी."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. "मंग त्याचं दिवसपानी नाई झालं. मी इथी वाट पाहून राह्यली, अन् माहा पोरगा तिथी घासाची वाट पाहून राह्यला."

त्या रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दादाजीभाऊंना त्याचे दिवस करायला नदीवर पाठवलं.

पुढे दहा वर्षं त्या होत्या. माझी बाळंतपणं त्यांनीच केली. पण घरी कागद आला की माझ्या दारावरून पुढे जात, मास्तरांच्या घरापर्यंत.